त्या दिवशी वीज गेलीच नव्हती

तुम्ही खोटं लिहून दिलंत. शिक्का मारून, सही करून, जावक क्रमांक टाकून खोटं लिहून दिलंत. ‘नमूद दिनांकास नमूद फीडरवर वीजपुरवठा खंडित झाल्याची नोंद आढळत नाही.’ एवढंच. ह्या एका वाक्यासाठी तुम्ही अडतीस दिवस घेतलेत.

तुमचं पत्र तमिळमध्ये होतं. माझी नणंद, वरलक्ष्मीअक्का, हिनं ते फोनवर वाचून दाखवलं. मी मराठीत लिहितेय, कारण मला तेवढंच येतं. तुम्हाला वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. तुमच्या तंजावरात मराठी बोलणारे साडेतीनशे वर्षं राहतायत. त्यांतल्या बहुतेकांना ही लिपी येत नाही, पण एखादा सापडेल. शोधा. आम्हीही तुमच्या दारात पुष्कळ शोधाशोध केली.

मी रंजना. मूळची येवल्याची. नवरा शिवराज तंजावरचा. आम्ही राहतो हिमाचलात, किन्नौरला, एका जलविद्युत प्रकल्पाच्या कॉलनीत. मी तिथं बालवाडी चालवते. शिवराज पॉवरहाउसमध्ये शिफ्ट ऑपरेटर आहे. म्हणजे वीज तयार करतो. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

चार वर्षं आम्हाला एकत्र रजा मिळाली नव्हती. बदली माणूस नाही, बर्फ पडलाय, मशीनची दुरुस्ती निघालीय, दर वर्षी नवं कारण. ह्या मे महिन्यात एकदाची मिळाली. तंजावरात पुरे सात दिवस. शनिवार ते शनिवार. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सात चौकोनांना पेनानं कुंपण घातलं होतं. शिवराज म्हणाला, “कुंपण कशाला घालतेस, दिवस पळून जाणारेत का?” मी म्हटलं, “तुझ्या साहेबाचा भरवसा नाही.”

शनिवारी दुपारी पोचलो. अंगावरचे गरम कपडे उतरवता उतरवता घामानं भिजलो. सहा महिने पाय गोठलेले असायचे, ते ओट्यावरच्या तापलेल्या लादीवर ठेवले आणि मी तिथंच बसून राहिले. उन्हात. सासूबाई, कामाक्षी नाव, सगळे त्यांना अम्मा म्हणतो, दारातून बघून म्हणाल्या, “ही काय, पापडासारखी वाळत बसलीय.”

आत अप्पा होते. माझे सासरे. अनिरुद्धराव. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. फुप्फुसं वाळत चालली होती. दोन वर्षांपासून नाकाला नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं यंत्र. लहान कपाटाएवढं. विजेवर चालणारं. त्याची घरघर घरात चोवीस तास असायची. दोन दिवसांत आपल्याला ती ऐकू येईनाशी होते. थांबली की मात्र ऐकू येतं.

अप्पा तीन शब्द बोलायचे आणि थांबायचे. श्वास घ्यायचे, मग पुढचे तीन.

“बर्फ आणलास का,” ते मला म्हणाले. थांबले. “थोडा तरी पिशवीतून.”

“वितळला, अप्पा. चेन्नईलाच.”

“निष्काळजी सून मिळाली,” थांबले, “आम्हाला ह्या वयात.”

अम्मांनी रसवांगी केली होती, वांग्याची, खोबरं वाटून. मी तीन वेळा घेतली. रविवारी अक्का तिरुवैयारुहून आली. सोमवारी शिवराज आणि मी कालव्याच्या कडेनं नुसते चालत गेलो आणि नारळपाणी पिऊन परत आलो. मंगळवारी दुपारी मी चार तास झोपले, कुणीही उठवलं नाही. हे सगळं सांगतेय कारण तुमच्या नोंदीत सुखाला रकाना नाही. आम्हाला साडेतीन दिवस मिळाले. ते चांगले होते.

आता अम्मांचं सांगते. दोन वर्षं ही बाई सलग झोपलेली नव्हती. यंत्राचा आवाज बदलला की तिला जाग यायची. आणि महिन्यातून एकदा तुमचा शटडाउन असायचा. देखभालीसाठी सकाळी नऊ ते पाच त्या भागाची वीज बंद. पेपरात येतं, सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवशी अम्मा आठच्या आत अप्पांना ऑटोत घालून तिरुवैयारुला अक्काकडे न्यायच्या. यंत्र मागच्या ऑटोत. वाटेत छोटा सिलिंडर, पाऊण तास पुरणारा. तिरुवैयारु दुसऱ्या सबस्टेशनवर आहे, तिथं त्या दिवशी वीज असते. संध्याकाळी परत. घरात इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी म्हातारी. यंत्र जोडलं तर अर्धा तास.

ह्या जाण्यायेण्याला अप्पा घाबरायचे. खड्ड्यातून ऑटो गेली की त्यांचा श्वास सुटायचा. परत आल्यावर दोन दिवस बोलता यायचं नाही. तरी अम्मांनी एकही शटडाउन चुकवला नव्हता. पेपरवर त्या विसंबत नसत. त्यांचा भरवसा एका माणसावर होता, तुमच्या वायरमनवर. तो आमच्याच रस्त्यानं सायकलवरून जायचा आणि दारात एक पाय टेकवून सांगायचा. त्याचं नाव मी लिहिणार नाही. तुम्हाला कुणाची तरी मान हवीच असणार, ती त्याची नको.

मेचा शटडाउन बुधवारी होता. मंगळवारच्या पेपरात आलं, पुढं ढकललाय. शिवराजनं मोठ्यानं वाचून दाखवलं. अप्पांनी पलंगावरून हात वर केला, शाळेत सुट्टी जाहीर झाल्यावर पोरं करतात तसा.

बुधवारी सकाळी सात वाजता वायरमन आला. उतरला नाही. पाय टेकवून अम्मांना म्हणाला, “अम्मा, आज तिरुवैयारुला जाऊन या.” आणि गेला. का, ते नाही सांगितलं. अम्मा आत आल्या आणि नळी गुंडाळायला लागल्या.

“हे काय चाललंय?” शिवराजनं विचारलं.

“तो सांगून गेला. निघायचं.”

“अम्मा, ढकललाय तो. पेपरात आहे.”

“पेपर छापणाऱ्याच्या नाकाला नळी आहे का रे?”

“थांब. मी जाऊन विचारून येतो.”

अप्पांची जुनी मोपेड काढून तो तुमच्या सबस्टेशनला गेला. तुमच्या माणसानं त्याला बसवलं. शिवराजनं सांगितलं की मीही ह्याच कामातला. मग काय, पाहुणचार. रजिस्टर उघडून दाखवलं. त्या दिवसाच्या पानावर शटडाउनचं परमिट नाही, लाइन क्लिअर नाही, काही नाही. कोरं. शिवराजनं स्वतः बोट फिरवून पाहिलं.

तुम्हाला हे माहीत आहेच, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. विजेच्या कामात माणूस तारेला हात लावतो तो लेखी परवानगी घेऊन. ह्याला लाइन क्लिअर म्हणतात. कुणी मागितली, कुणी दिली, किती वाजता, सगळं वहीत. काम संपलं की परत वहीत, आणि मगच वीज सोडायची. हे नाही केलं तर खांबावरचा माणूस जळतो. शिवराज अठरा वर्षं ही वही लिहितोय. दर तासाला. देवळात न जाणारा माणूस आहे तो, पण वहीत खाडाखोड केलेली त्यानं कधी खपवून घेतली नाही.

तो परत आला तेव्हा माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला होता. मला अजून तो वास सहन होत नाही.

“कुठं जायचं नाही,” त्यानं अम्मांना सांगितलं. “मी डोळ्यांनी पाहून आलो. आज काही नाही.”

“पण तो मुद्दाम सांगून गेला.”

“अम्मा, आमच्या कामात लिहिल्याशिवाय कुणी तार उघडत नाही. माझ्यावर सोड. चार वर्षांनी आलोय, आज तरी अप्पांना त्या ऑटोत नको कोंबू. आणि तू पड जरा.”

अम्मा नळी हातात घेऊन उभ्या राहिल्या. अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, “मुलगा पास झाला,” थांबले, “विजेच्या परीक्षेत. ऐक.”

“सरी, बरं,” अम्मा म्हणाल्या. “तूच बघ मग.” आणि खरंच जाऊन आडव्या झाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा, सकाळच्या वेळी.

अकरा वाजून दहा मिनिटांनी यंत्र किंचाळलं. वीज गेली की ते किंचाळतं. मग इन्व्हर्टरवर पुन्हा सुरू झालं. पंखे बंद. बाहेर चाळिसाच्या वर ऊन. शिवराजनं सबस्टेशनला फोन लावला. नंबर तो सकाळीच घेऊन आला होता. मी शेजारी उभी होते. पलीकडून आवाज आला, “अंजु निमिषम, सर.” पाच मिनिटं. एवढं तमिळ मलाही येतं.

त्यानं विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? वहीत काही नव्हतं. म्हणजे काहीतरी ट्रिप झालं असेल, पाच मिनिटांत येईल. तो सबस्टेशनच्या माणसासारखा विचार करत होता. अम्मा उठून आल्या होत्या.

साडेअकराला दुसरा फोन. पाच मिनिटं.

अकरा चाळीसला इन्व्हर्टर मेला. छोटा सिलिंडर जोडला. पाऊण तास. अम्मांनी ऑटोवाल्याला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या रस्त्याच्या तोंडाशी खांब आडवे टाकलेत, आत येता येत नाही. रस्ता दुसऱ्या बाजूनं कालव्यापाशी संपतो. शिवराज धावत कोपऱ्यावर गेला. मी त्याच्या मागं.

कोपऱ्यावर कमान उभी करत होते. कुणीतरी मोठा माणूस संध्याकाळी येणार होता, त्याच्या स्वागताची. दोन मजली उंच, रंगीत कापडाची, माणसाचा चेहरा एवढा मोठा की एका डोळ्यात मी मावले असते. तारा आडव्या येत होत्या, म्हणून वीज बंद. खांबावर तुमचा वायरमन चढलेला. तोच. सकाळचा.

खाली एकजण फोन कानाला लावून उभा होता. शिवराजनं विचारलं, “लाइन क्लिअर कुणी घेतलंय?”

“काय?”

“परमिट. कागद.”

“कागद कशाला. वरून फोन आलाय.”

“घरात पेशंट आहे. ऑक्सिजनवर.”

“पाच मिनिटं, सर.”

आता नीट वाचा. त्या कोपऱ्यावर डीपी आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. डीपीच्या खांबाला हँडल आहे. ते खाली ओढून तुमच्या माणसांनी वीज बंद केली होती. त्याला कुलूप नव्हतं. कुणी पहारा नव्हता. शिवराज त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. अठरा वर्षं तो असली हँडलं फिरवत आलाय. वर ढकललं असतं तर आमच्या घरातलं यंत्र त्याच क्षणी सुरू झालं असतं.

आणि खांबावरचा माणूस जळून खाली पडला असता.

मी शिवराजकडे पाहिलं. त्याचा हात वर गेलेला नव्हता. पण त्याची बोटं हलत होती. त्यानं खांबावर पाहिलं. वायरमननं वरून खाली पाहिलं. त्याला कळलं. तो भराभरा गाठी सोडायला लागला. पण कमानीचं धूड क्रेनला अर्धवट लटकलेलं, ते तारांच्या मधोमध. ते बसल्याशिवाय वीज सोडता येणार नव्हती.

शिवराज वळला आणि घरी धावला. एवढं जाण्यायेण्यात आणि बोलण्यात सिलिंडरची वीस मिनिटं गेली होती.

आम्ही अप्पांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. शिवराज आणि शेजारचे वेंकटराव दोन्ही बाजूंनी. मी सिलिंडर घेऊन. अम्मा छत्री धरून. कोपऱ्यापर्यंत साडेतीनशे पावलं असतील, पण दर तीस-चाळीस पावलांवर खुर्ची खाली ठेवावी लागत होती, अप्पांची मान कलंडायची. ऑटोवाला पलीकडं उभा होता. आडव्या खांबांवरून खुर्ची उचलून न्यायची होती. तिथं काम करणाऱ्या दोघांनी हातातलं टाकून खुर्ची धरली. त्यांचं मी वाईट लिहिणार नाही.

कमानीच्या खाली खुर्ची एकदा टेकवली. अप्पांनी वर पाहिलं. ओठ निळे झाले होते. नळीतून हवा येणं बंद झालेलं होतं, मला हाताला कळत होतं, सिलिंडरचा काटा शून्यावर होता.

“माझ्यासाठी केली,” अप्पा म्हणाले. थांबले. खूप थांबले. “एवढी मोठी?”

हे शेवटचं. ऑटोत ते अम्मांच्या खांद्यावर होते आणि दवाखान्यात उतरवताना नव्हते. डॉक्टरनं नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, घड्याळ पाहिलं. एक वाजून पाच मिनिटं. कागदावर लिहिलं, फुप्फुसाचा दीर्घ आजार. त्यांचीही चूक नाही. त्यांच्या कागदावर कमानीला जागा नव्हती.

घरी आणलं. रस्त्यातले खांब तोवर हलवले होते, आता गाडी थेट दारापर्यंत आली. अप्पांना जमिनीवर ठेवलं. अक्का तिरुवैयारुहून पोचायची होती. दोन वाजून पंचवीस मिनिटांनी पंखे फिरायला लागले. आणि पलंगाशेजारी यंत्र एकदा किंचाळून चालू झालं. घाईत बटण तसंच राहिलं होतं. रिकाम्या पलंगावर नळीतून हवा सोडत राहिलं. खोलीतले सगळे तिकडं बघायला लागले.

“बघ,” अम्मा शिवराजला म्हणाल्या. “आली.”

बस, एवढंच म्हणाल्या. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी त्याला एक शब्दानं दोष दिलेला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

कॅलेंडरवरच्या कुंपणात अजून अडीच चौकोन शिल्लक होते. त्यांत राख कावेरीत सोडली, आणि बाकीचे दिवस रजा वाढवून काढले. तेराव्यानंतर आम्ही तुमच्या कचेरीत आलो. शिवराज, मी, आणि अम्मा. अम्मा हट्टानं आल्या. तुमच्या साहेबांनी खुर्च्या दिल्या, पंखा आमच्याकडे वळवला. शिवराजनं सगळं सांगितलं, वेळा सांगितल्या. साहेब ऐकून घेत होते. मग म्हणाले, “सर, तुम्ही आमच्याच लाइनीतले. तुम्हाला मी काय शिकवू? लाइन क्लिअरशिवाय कुणी काम करतं का?”

“नाही,” शिवराज म्हणाला.

“लाइन क्लिअर त्या दिवशी दिलेलं नाही. तुम्ही स्वतः रजिस्टर पाहिलंय.”

“पाहिलंय.”

“मग काम झालंच नाही. काम झालं नाही म्हणजे वीज गेली नाही.”

शिवराजनं मला हळूच मराठीत सांगितलं, मी चेष्टा समजले. चेष्टा नव्हती. अम्मांनी मला विचारलं, हा काय म्हणतो? त्यांना तमिळ माझ्यापेक्षा शंभरपट येतं, पण त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मी शिवराजकडे वळले. त्याच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते रागाचं नव्हतं. त्याला तुमच्या साहेबाचं पटत होतं. पटत होतं म्हणजे, त्याच्या अठरा वर्षांच्या शिस्तीप्रमाणे ते वाक्य बरोबर होतं. त्याच वाक्यावर विसंबून तर त्यानं सकाळी अम्मांच्या हातातली नळी खाली ठेवायला लावली होती.

वायरमनला विचारलं. तो म्हणाला, मी सकाळी कुणाच्या दारात थांबलो नव्हतो. बोलताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. त्याला दोन मुली आहेत. मी सोडून दिलं.

मग अर्ज. मग अडतीस दिवस. मग तुमची ती ओळ.

आता इकडं काय चाललंय ते सांगते. शिवराज पुन्हा शिफ्टवर जातो. दर तासाला वही लिहायच्या आधी तो बाहेर यार्डात जाऊन प्रत्येक ब्रेकर डोळ्यांनी बघून येतो. नियमात ते नाही. पॅनलवर सगळं दिसतं. पोरं त्याला हसतात, म्हणतात, “शिवराजजी, दिवा लागलाय हे बघायला काडी ओढताय.” तो ऐकून घेतो. परवा त्याच्या साहेबानं मला बोलावून विचारलं, ह्यांना बरं नाही का? जेवताना तो मध्येच थांबतो आणि मला विचारतो, “पान बरोबर होतं ना? बुधवारचंच होतं?” मी तिथं नव्हतेच, तरी मी हो म्हणते. कधी म्हणतो, “हँडल ढकलायला हवं होतं.” कधी म्हणतो, “नाही ढकललं ते बरं.” दोन्ही तो एकाच दिवशी म्हणतो.

अम्मा अक्काकडे राहतात. रोज सकाळी सात वाजता ओट्यावर जाऊन बसतात, अक्का सांगते. तिथं कुठला वायरमन येत नाही.

मला तुमच्याकडून भरपाई नको. माफी नको, ती तुम्ही छापील पाठवाल. खांबावरच्या माणसाला तर हातही लावू नका.

मला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे आणि ते मी ह्या घरात जेवायच्या वेळी ताटाशेजारी ठेवणार आहे. तुमची वही खरी असेल तर त्या दिवशी अकरा दहा ते दोन पंचवीस आमच्या घरात वीज होती, यंत्र चालू होतं, आणि माझे सासरे त्या यंत्राची हवा घेत घेत कमानीखाली गुदमरले. तसं लिहा. आणि वही खोटी असेल तर माझ्या नवऱ्यानं बापाचा जीव एका खोट्या पानावर ठेवला, आणि ते पान तुम्ही स्वतः उघडून त्याच्यासमोर धरलंत. तसं लिहा. त्यानं तुमच्या वहीवर विश्वास ठेवला, ही त्याची चूक होती की नव्हती? हो किंवा नाही, सहीनिशी, तारीख घालून कळवा. तमिळमध्ये चालेल. तो वाचू शकतो.